डाव्या हाताचा वेढा

भूपाल कांबळे रोज दिवेलागणीला गणेशवेलीचे शेंडे दोऱ्यांवर गुंडाळत आणि रोज सकाळी ते शेंडे सुटलेले असत. नुसते सुटलेले नसत. त्यांतले काही त्याच दोऱ्यांवर उलट बाजूने गुंडाळलेले असत. दोन पावसाळे आणि तिसऱ्या पावसाळ्याचे काही आठवडे हा प्रकार चालला. गडमुडशिंगीतल्या त्या घरात ते एकटे राहत. अंगणाला छातीइतकी भिंत होती आणि फाटकाला आतून कडी. हे कोण करतं, याबद्दल भूपालअण्णांना शंका नव्हती. त्यांची पत्नी हौसाबाई करते, असं त्यांचं म्हणणं होतं. हौसाबाई पहिल्या पावसाळ्याच्या आदल्या वर्षीच वारल्या होत्या.

माझी त्यांची ओळख याच्या पुष्कळ आधीची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कोल्हापुरातल्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो. अंक तेव्हा निम्मा संगणकावर आणि निम्मा खिळ्यांवर निघे. खिळा म्हणजे शिशाचं एक अक्षर. खिळे जुळवून ओळ, ओळींचा रकाना, रकान्यांचं पान. पान पुरं झालं की त्याच्या चारी बाजूंनी दोरा गुंडाळून ते आवळायचं, नाहीतर उचलताना सगळी अक्षरं सांडतात. हे आवळण्याचं काम भूपालअण्णांकडे होतं. दोऱ्याचं टोक पानाच्या डाव्या कोपऱ्यावर अंगठ्याने दाबायचं आणि उजव्या हाताने घड्याळाच्या काट्यांसारखे चार वेढे द्यायचे. हे काम ते तीस वर्षं करत होते. त्या हातांकडे पाहायची त्यांना गरज पडत नसे.

कामावर लागून चार दिवस झाले असतील. ते खालच्या विभागातून जिना चढून माझ्या टेबलापाशी आले. ठेंगणे, खादीचा सदरा, चष्म्याच्या मोडलेल्या काडीला दोरा बांधलेला.

‘पावणं, ही तुमची बातमी?’

मी हो म्हणालो.

‘लई झ्याक हाय. फकस्त पानात बसंना झालीया. तीन ओळी तुमी काढताय का मी काढू?’

मी म्हणालो, त्यात काढण्यासारखं काही नाही.

‘मग पान वाढवायला सांगतो मालकास्नी,’ असं म्हणून ते तिथेच उभे राहिले. मी तीन ओळी काढल्या. दुसऱ्या दिवशी छापून आलेली बातमी वाचली तेव्हा त्या ओळी आठवल्यादेखील नाहीत.

तेव्हापासून शेवटपर्यंत त्यांनी मला पावणं म्हटलं. एकदा मी म्हणालो, आता सहा वर्षं झाली, अजून मी पाहुणाच का? ‘जावई तीस वर्सं झाली तरी पावणाच असतोय की,’ ते म्हणाले. ‘तुमी तर पगारी.’

एका रात्री कुणाचा तरी धक्का लागून बांधायच्या आधीच अर्धं पान जमिनीवर सांडलं. विभागात एकच आरडाओरडा झाला. चूक कुणाची यावर दोघांची जुंपली. भूपालअण्णा खाली मांडी घालून बसले आणि अक्षरं वेचू लागले. ‘वरडून खिळं उटत्यात व्हय?’ ते मान वर न करता म्हणाले. ‘पान सांडलं की खाली बसायचं. उचलायचं. भांडायचं ते जुळवून झाल्यावर.’ सव्वा तासात पान पुन्हा उभं राहिलं. भांडणाऱ्या दोघांनीही तोवर भांडण सोडून दिलं होतं.

खिळ्यांचा विभाग बंद झाला तो नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. लाकडी पेट्यांच्या घरांतली अक्षरं पोत्यांत भरून टेम्पोत चढवली गेली. कामगारांपैकी काहीजण घरी गेले, काहींना दुसरी कामं मिळाली. भूपालअण्णांना मुद्रितं तपासायला वर बसवलं, वेळ सकाळी दहा ते पाच. पोती भरली गेली तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागून घेतली, पानं बांधायच्या दोऱ्याचा एक मोठा गुंडा. घेऊन काय करणार, असं मी विचारलं.

‘मालकीणबाईंचा हुकूम हाय,’ ते म्हणाले. ‘येलीला दोरं पायजेत.’

हौसाबाईंना मी दोनदाच पाहिलं. उंच, हाडापेराने मोठ्या, गावातल्या शाळेत मदतनीस. त्या डावऱ्या होत्या. लग्न झाल्यावर सासूने त्यांना वर्षभर समोर बसवून उजव्या हाताने भाकरी थापायला लावली होती, आणि पुढे आयुष्यभर त्या घरातलं काम उजव्या हातानेच करत राहिल्या. गणेशवेल मात्र डाव्या हाताने चढवत. तिथे कुणी टोकलं नाही. वेल अंगणाच्या पूर्वेच्या बाजूला होती. दरवर्षी मृगाच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवलेलं बी घालायचं, चिमट्यासारखी दोन टोकांची पहिली पानं वर आली की दहा-बारा रोपं ठेवून बाकीची उपटायची, आणि रोपं वीतभर झाली की छपराच्या वाशांपासून जमिनीपर्यंत दोरे ताणायचे. भाद्रपदात जिऱ्यासारख्या बारीक पानांतून लाल चांदण्या उमलत. दुपारपर्यंत त्या मिटत. दिवाळी झाली की वेल वाळे, बोंडं तडकत, आणि हौसाबाई बी वेचून औषधाच्या रिकाम्या बाटलीत ठेवत.

गल्लीतल्या बायका गणपतीत फुलं मागायला येत. भूपालअण्णांचं घर धम्म स्वीकारलेलं. ते दारात बसून म्हणत, ‘आमच्यात गणपती न्हाय, तुमच्यात येल न्हाय. न्या की, सगळ्यांची अडचण भागली.’

एरवी त्या वेलीशी त्यांचा संबंध नव्हता. छापखान्यात त्यांना वर्षानुवर्षं रात्रपाळी असे, दिवसा ते झोपत. वेल त्यांनी पाहिली ती येता-जाता. विभाग बंद झाला त्या जूनमध्ये त्यांनी दोऱ्याचा गुंडा घरी आणला आणि खुंटीला अडकवला. हौसाबाई म्हणाल्या, एवढे दोरे वाशांना बांधून द्या. ते म्हणाले, आयतवारी बांधतो. त्या रविवारी ते दिवसभर अंथरुणात पडून राहिले. पुढच्या रविवारीही. खिळे गेल्यापासून त्यांना हातात दोरा धरवत नव्हता, असं त्यांनी पुढे सांगितलं. हौसाबाईंनी पुन्हा एकदा आठवण केली. त्या वेळचं त्यांचं वाक्य भूपालअण्णांनी मला तीन-चार वेळा तरी ऐकवलं, प्रत्येक वेळी तेच शब्द, तोच सूर.

‘हिला एकच वरीस आयुष्य हाय. हिला वाट बघायला लावू नगासा.’

तिसऱ्या रविवारआधीच्या गुरुवारी ते कामावर गेल्यावर हौसाबाई स्टुलावर चढल्या. पाऊस झाला होता, जमीन ओली होती. स्टूल कललं. खुब्याचं हाड मोडलं, त्या अंथरुणाला खिळल्या आणि बाविसाव्या दिवशी गेल्या. सहा दोरे बांधून झाले होते. सातवा त्यांच्या हातात होता.

पुढच्या वर्षी मृगाच्या आधी भूपालअण्णांनी औषधाच्या बाटलीतलं बी भिजत घातलं.

हे त्यांनी कार्यालयात सांगितलं तेव्हा कुणाला काही वेगळं वाटलं नाही. मुद्रितांच्या टेबलावर ते रोपांची उंची सांगत. बोटभर झाली, वीतभर झाली. एका सकाळी मात्र ते गप्प होते. दुपारच्या चहाला त्यांनी मला बाजूला घेतलं.

‘पावणं, तुमी शिकलेली मानसं. एक इचारू? काल सांजंला मी आठ शेंडं दोऱ्यावर गुंडाळलं. घट्ट. सकाळी बघतोय तर आठीच्या आठी सुटल्यात.’

मी म्हणालो, वारा असेल.

‘वाऱ्यानं सुटतंय. वाऱ्यानं उलटं गुंडाळतंय व्हय?’

त्या मंगळवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, ते कामावर निघायच्या आधी मी गडमुडशिंगीला गेलो. त्यांनी मला एकेक दोरा दाखवला. रोपं छातीइतकी वाढून तिथेच गुंतली होती. शेंडे लोंबत होते. तीन शेंड्यांनी दोऱ्याला एकेक वेढा घातला होता. भूपालअण्णांनी तो वेढा बोटाने न शिवता दाखवला.

‘ही गुंडाळणी माझी न्हवं. मी असा गुंडाळतो,’ त्यांनी हवेत हात फिरवला. ‘ही डाव्या हाताची हाय. घरात डावरं एकच मानूस हुतं.’

नंतर ते ओट्यावर बसले आणि बराच वेळ बुद्धाच्या तसबिरीकडे पाहत राहिले. ती दारातून दिसत होती.

‘आमी बावीस प्रतिज्ञा घेतलेली मानसं,’ ते म्हणाले. ‘भूत न्हाय, पिंड न्हाय, कावळा न्हाय. तिच्या मागनं मी कायबी केलं न्हाय, बुद्धवंदना केली, बास. लोकांनी आत्मा म्हटलं तर मी भांडंन अजूनबी. पर हे शेंडं कोन सोडतंय ते सांगा.’

मी पुन्हा दोऱ्यांकडे पाहिलं.

‘तिला माझा हात नको हाय,’ ते म्हणाले. ‘पायजे हुता तवा दिला न्हाय. आता ती घेत न्हाय. बरोबर हाय तिचं.’

हे बोलताना त्यांचा आवाज दुःखी नव्हता. याची नोंद करणं मला आवश्यक वाटतं. भांडण चालू आहे तोवर माणूस घरात आहे, असा तो आवाज होता. रोज सकाळी ते हौसाबाईंनी घातलेले वेढे सोडत. रोज संध्याकाळी स्वतःचे घालत. दरम्यान त्यांच्याशी बोलत. काय बोलतात ते मी एकदा फाटकाशी थांबून ऐकलं. ‘बरं, ऱ्हाऊ दे तुझं. उद्या बघू,’ एवढंच होतं.

त्या वर्षी वेल छपरापर्यंत पोचली नाही. खालीच थोडी फुलली, बी धरून वाळली. दुसऱ्या वर्षीही तेच झालं.

त्यांची मुलगी सुजाता सांगलीला परिचारिका होती. लग्न केलेलं नव्हतं, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. वडिलांचा रक्तदाब वाढलेला, जेवणाचा ठिकाणा नाही, म्हणून ती त्यांना सांगलीला न्यायला पाहत होती. नोकरीची दोनच वर्षं उरली होती, ती सोडायलाही त्यांची हरकत नव्हती. घर सोडायला होती. हौसाबाई येतात ते याच अंगणात, दुसरीकडे त्यांना पत्ता कसा लागणार, असा त्यांचा साधा सवाल होता.

तिसऱ्या वर्षीच्या जुलैमध्ये ती रजा घेऊन आली आणि कार्यालयात मला भेटली. ‘दादा, आण्णांना चक्कर आली होती परवा. अंगणात पडले होते, शेजारच्या काकूंनी बघितलं म्हणून,’ ती म्हणाली. ‘मी सांगून दमले. मुलीचं कोण ऐकतंय? तुम्ही पेपरवाले. काय खरं, काय खोटं, ते तुम्हीच शोधा आणि त्यांना सांगा. तुमचं ऐकतील.’

शोधायला अवघड काही नव्हतं. दोन वर्षं ते कुणी केलं नव्हतं, इतकंच. राजारामपुरीत मी राहत होतो त्याच्या दोन गल्ल्या पलीकडे एका दवाखान्याच्या कुंपणावर गणेशवेल होती. तिथे मी थांबलो आणि शेंडे मोजले. सत्तावीस. सगळे समोरून पाहिलं असता डावीकडून उजवीकडे वर चढत होते. म्हणजे वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट. कळंब्याच्या रस्त्याला एका बंगल्याच्या फाटकावर आणखी एक वेल सापडली. तिथेही तेच. एकही शेंडा दुसऱ्या बाजूने नव्हता. दोन्हीकडे वेल कुणी हाताने चढवत नव्हतं. ती स्वतःच चढत होती.

पुढच्या मंगळवारी भूपालअण्णा कामावर गेल्यावर मी गडमुडशिंगीला गेलो. सुजाताने फाटक उघडलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी मी एक शेंडा भूपालअण्णांच्या पद्धतीने दोऱ्यावर दोन वेढे देऊन गुंडाळला आणि समोर खुर्ची टाकून बसलो. साडेदहाला वरचा वेढा सैल झाला. पावणेबाराला शेंडा दोऱ्यापासून दोन बोटं दूर होता. एक वाजता तो पूर्ण सुटून हवेत तिरपा उभा होता आणि हळूहळू फिरत होता, काहीतरी चाचपावं तसा. पावणेचारला त्याने पुन्हा दोरा धरला. डाव्या हाताचा वेढा.

सुजाता माझ्यामागे उभी होती. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ‘आई कधी चढवायची न्हाई वाटतं हिला,’ ती थोड्या वेळाने म्हणाली. ‘ही आपोआपच जायची. आईचा हात नुसता जुळत होता.’

भूपालअण्णा साडेसहाला आले. मी त्यांना सगळं सांगितलं. वेळा सांगितल्या, सत्तावीस शेंडे सांगितले, कळंब्याच्या फाटकाचं सांगितलं. चूक त्यांच्या हाताची आहे, तो तीस वर्षं पान बांधायच्या दिशेने फिरतो आहे, वेल त्या दिशेने जातच नाही, हेही सांगितलं. मला सवयीने बातमी सांगता येते. मुख्य भाग आधी, तपशील नंतर. सात-आठ मिनिटांत माझं सांगून झालं.

ते चष्मा काढून हातात धरून ऐकत होते.

‘म्हंजे कोन येत न्हवतं,’ ते म्हणाले.

‘नाही.’

‘दोन वर्सं मी येलीसंगं भांडत हुतो.’

सुजाता म्हणाली, ‘आण्णा, चहा टाकू?’ उठून त्यांनी एक शेंडा हातात घेतला, उजव्या हाताने, आणि मी सांगितलेल्या दिशेने दोऱ्यावर घातला. हात अडखळला. पहिल्यांदा तो आपल्या वाटेनेच गेला, मग त्यांनी तो थांबवून उलटा नेला. असे अकरा शेंडे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतला एकही सुटला नव्हता.

अठराव्या दिवशी वेल वाशांना लागली. त्या भाद्रपदात ती छपरावर पसरली आणि अशी फुलली की रस्त्यावरून जाणारे थांबून पाहत. गल्लीतल्या बायका फुलं न्यायला आल्या. एक म्हणाली, ‘आण्णा, हौसाबाईंच्या वक्तालाबी एवढी आली न्हवती ओ.’ ते म्हणाले, ‘व्हय,’ आणि आत गेले. गणपतीच्या त्या जुन्या वाक्याची सगळ्यांनी वाट पाहिली, ते काही आलं नाही.

दिवाळीनंतर त्यांनी नोकरी सोडली आणि ते सुजाताबरोबर सांगलीला गेले. जायच्या दिवशी मी एसटी स्टँडवर पोचवायला गेलो होतो. सुजाता तिकिटं काढायला गेली तेव्हा ते माझ्याकडे न पाहता बोलले.

‘पावणं, तुमची बातमी खरी हुती. एक अक्षर इकडचं तिकडं न्हाय.’ पिशवी पायाशी ओढून घेत ते म्हणाले, ‘पर खरी हाय म्हनून छापलीच पायजे, असं असतंय व्हय? तीन ओळी काढायला सांगितल्यावर तुमी काढल्या हुत्या की.’

ही बातमी कुणी मागितली होती, ते मी सांगितलं नाही. सुजाता तिकिटं घेऊन आली. गाडी लागली. त्यांनी खिडकीतून हात केला नाही. रागाने नसावं. ते दुसऱ्या बाजूला बघत होते.

त्यानंतर पाच वर्षं मी त्यांना क्वचित भेटलो. ते नीट जेवत, औषधं घेत, सकाळी फिरायला जात. सुजाता म्हणे, तब्येत उत्तम आहे, फक्त बोलत नाहीत. गडमुडशिंगीचं घर भाड्याने गेलं. भाडेकरूंनी अंगणात फरशी घातली.

नव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका सप्टेंबरमध्ये भूपाल कांबळे गेले. निधनवृत्त मी लिहिलं. ‘ज्येष्ठ निवृत्त मुद्रण कामगार’ असे शब्द होते, मागे एक मुलगी असल्याचं होतं. चार ओळी. पानात बसल्या.

त्याच्या पाच आठवडे आधी मी सांगलीला गेलो होतो, त्याबद्दल लिहायचं राहिलं आहे.

जूनमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला होता. बोलणं थोडं जड पण समजण्यासारखं होतं. सुजाताने फोन करून सांगितलं की ते तुमची आठवण काढतात. मी गेलो तेव्हा ते गॅलरीत आरामखुर्चीत बसले होते. गॅलरीच्या गजांशी कुंडीत गणेशवेल होती. बाजारातून बी आणून सुजाताने लावली होती. गजापासून वरच्या हुकापर्यंत दोन सुतळ्या बांधल्या होत्या. वेलीचे चार शेंडे अजून मोकळे होते.

‘या पावणं,’ ते म्हणाले. ‘परवाच्या अंकात दुसऱ्या पानावर चूक हाय तुमची. पालिकेच्या सभेचा वार चुकलाय.’

मी म्हणालो, ते पान माझं नव्हतं.

‘पेपर तुमचाच न्हवं? आमी बांधत हुतो तवा असं हुत न्हवतं.’ त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. जेवणं झाली. सुजाता आत भांडी घासत होती. त्यांनी मला वेलीकडे खूण केली.

‘ह्यो शेंडा गुंडाळा तेवढा. माझा हात चालत न्हाय.’

मी शेंडा घेऊन सुतळीवर डावीकडून उजवीकडे चढवला.

‘ओ. तसा न्हाय.’

‘अण्णा, तो तसाच जातो.’

‘म्हाईत हाय. तुमीच सांगितलंय. माझ्यासारखा गुंडाळा. पान बांधल्यागत.’

मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे स्वच्छ होते. त्यांना सगळं आठवत होतं आणि सगळं कळत होतं. ‘दोन वेढं,’ ते म्हणाले. ‘आन् घट्ट. सैल बांधलं ते बांधलंच न्हाय.’

मी शेंडा सोडवला आणि घड्याळाच्या काट्यांसारखे दोन वेढे दिले. मग मी त्यांच्या शेजारी बसलो. बाहेर ढग होते, खालच्या रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. सुजाता भांडी आटोपून दारात येऊन उभी राहिली. तिने सुतळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वडिलांच्या पायाशी येऊन बसली. आम्ही तिघं त्या वेलीकडे बघत होतो. एकदा त्यांनी पाणी मागितलं. मध्येच त्यांची मान कलली तेव्हा मला वाटलं झोप लागली, पण डोळे उघडे होते.

वरचा वेढा सैल झाला. मग शेंडा सुतळीपासून बाजूला आला, खालच्या वेढ्यातून निसटला आणि गजाच्या बाहेर हवेत उभा राहिला.

भूपालअण्णांनी डावा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला.

‘सुटला न्हवं?’

‘सुटला.’

‘कुनी सोडला?’

सुजाताने मान खाली घातली. ते माझ्याकडे बघत होते, मुद्रित तपासताना एखाद्या शब्दावर पेन्सिल टेकवून थांबत तसे.

‘हौसाबाईंनी,’ मी सांगितलं.